बुधवारच्या विनोदाचे संदर्भासह स्पष्टीकरण

"वहिनी छान आहेत रे, पण विनोद कळत नाही त्यांना," असं अनिमेष बाल्कनीत म्हणत होता आणि मी दाराआड कांदाभज्यांची ताटली घेऊन उभी, पुढे जाऊ की मागे फिरू… आणि तुम्हाला सांगते, त्याचं काही नाही हो, तो नवऱ्याचा मित्र, म्हणेल काहीही, पण आमचे क्षितिजराव काय म्हणाले? "हळूहळू कळेल तिला." हळूहळू! जसा काही मला ताप आलाय आणि तो उतरायचाय.

मला विनोद कळतो हो. फक्त हसू जरा उशिरा येतं, आणि आलं तरी बाहेर पडत नाही, आतल्या आत फिरत राहतं.

लग्नाला चार महिने, जर्मनीत डार्मश्टाटला येऊन तीन, आणि दर शनिवारी दुपारी क्षितिज, अनिमेष आणि अनिमेषची बायको ईप्सिता आमच्या सोफ्यावर बसून एक ब्रिटिश कार्यक्रम बघतात. सरकारची टिंगल करणाऱ्या छोट्या छोट्या नाटुकल्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या, म्हणजे आमच्यातलं कोणी जन्मलंसुद्धा नव्हतं तेव्हाच्या, पुण्यातल्या होस्टेलच्या हार्डडिस्कवरून इथवर आलेल्या. त्यात एक मंत्री पोस्ट ऑफिस बंद करायला येतो, चक्क रिबीन कापून बंद करतो, टाळ्या पडतात, आणि गर्दीतली एक म्हातारी विचारते, "आणि बुधवारचं काय?" बस. एवढंच. तिकडे प्रेक्षक खुर्च्यांवरून पडतात, इकडे आमचे तिघं सोफ्यावरून. मग आठवडाभर तेच. वरण करपलं… आणि बुधवारचं काय? व्हिसा ऑफिसातलं टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट हो, रद्द झालं… आणि बुधवारचं काय? मी आपली हसरा चेहरा करून बसते, दात दिसतील इतपत.

पण ते 'हळूहळू' झोंबलं हो. आणि शाळेत मी कशात पहिली यायचे? 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' यात, पाचपैकी पाच! मग काय, जर्मनचा गृहपाठ बाजूला, क्षितिज ऑफिसला गेला की मी वही काढून बसायचे… कोण मंत्री, कुठला अर्थसंकल्प, कुठला संप, सगळं लाल पेनाने अधोरेखित. विनोदाचा अभ्यास कोण करतं, सांगा बरं? मला विनोद कळतो हो, पण तयारी असलेली बरी.

शनिवार आला. म्हातारीने विचारलं, तिघं कोसळले, आणि मी पहिल्यांदा वेळेवर हसले. क्षितिजने वळून असं काही बघितलं माझ्याकडे, की वाटलं, झालं, जमलं… आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या फ्राउ बाउअर आमचं पार्सल द्यायला आल्या. दारातूनच पडद्याकडे बघत अगदी मनापासून विचारलं, की बुधवारी काय असतं? बुधवारी तर कागदाच्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा असतो, त्यात हसण्यासारखं काय?

अनिमेषने क्षितिजकडे बघितलं, क्षितिजने ईप्सिताकडे, ईप्सिताने रिमोटकडे. अहो, कोणालाच माहीत नव्हतं! बारा वर्षं हसताहेत, तिकडे लोक हसतात म्हणून!

इथे गप्प बसायचं होतं. जन्मभर गप्प बसलेली बाई मी, एवढी पाच मिनिटं जड होती का? पण नाही. टपाल खात्याच्या खर्चकपातीपासून सुरुवात केली. आठवड्यातून निदान बुधवारी तरी खिडकी उघडी राहील असा मंत्र्याने संसदेत दिलेला शब्द, तो कसा मोडला, आधीच्या मंत्र्याने काय केलं होतं… इंग्रजीत, मध्येच मोडक्या जर्मनमध्ये, वही आणून. फ्राउ बाउअर खुर्ची ओढून बसल्या, गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, अगदी बरोबर करत. त्यांच्या गावचं पोस्टही असंच गेलं म्हणे. पडद्यावर म्हातारी तोंड उघडं ठेवून थांबलेली. चाळीस मिनिटं! अनिमेषचा चहा गार, ईप्सिता जांभई गिळतेय, आणि क्षितिज असा बघतोय, जशी मी त्याच्या लहानपणच्या खेळण्याचे स्क्रू काढतेय.

एकही जण हसला नाही. त्या म्हातारीला आता या घरात कोणी हसेल असं वाटतही नाही. मला विनोद कळतो हो, मला ते दिसत होतं सगळं, पण निष्कर्ष दिल्याशिवाय उत्तर संपवायचं कसं? मी वही मिटली, चौघांकडे बघितलं आणि म्हणाले,

"आल्झो… तर, म्हणून ते विनोदी आहे."