खोक्यातून काढल्यासारखं

बहीण : तिथेच थांब. चपला बाहेर काढ, शर्टही बाहेरच झटक. कारखान्यातून उठून तसाच माझ्या घरात शिरू नकोस.

भाऊ : अगं, सख्खा भाऊ आहे मी तुझा. वसुलीला आलेला माणूस नाही.

बहीण : म्हणून तर दार उघडलं. हळू बोल, हे आत्ताच डोळा लागून पडलेत. पडलेत कसले, उशीला टेकून बसलेत. आडवं झालं की जीव घाबरा होतो.

भाऊ : दाजींकडेच काम होतं. साहेबांनी चिठ्ठी दिलीय. सोमवारपासून यायचं.

बहीण : कुठे यायचं?

भाऊ : कामावर. त्यांच्या करवतीवर. मुकादम मी, म्हणून चिठ्ठी मलाच आणावी लागली.

बहीण : दादा, शुद्धीवर आहेस ना? खोलीतून बाथरूमपर्यंत जाताना मधे टेकायला खुर्ची ठेवलीय मी. आणि या माणसाला तू ओट्याच्या फरशा कापायला उभं करणार?

भाऊ : डॉक्टरांनी दमा लिहिलाय. दमा कितीतरी जणांना असतो. पंप मारतात नि कामाला जातात.

बहीण : तो पहिला डॉक्टर. दुसऱ्याने छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. दगडाची भुकटी आहे ती. जाडी धूळ नाकातच अडकते म्हणे, शिंकलं की गेली. जी डोळ्यांना दिसतही नाही ती थेट खोल जाते आणि तिथेच ठाण मांडते. तिला बाहेर काढणारं औषध नाही. मी विचारलं, मग करायचं काय? म्हणाले, पहिलं म्हणजे त्या करवतीपासून लांब ठेवा. तिथे परत गेले तर हातचे जातील.

भाऊ : पण कारखान्यातली हवा साफ आहे ना! मी नाही म्हणत, हवा तपासायचं यंत्र म्हणतंय. दोन वर्षांचे आकडे आहेत साहेबांकडे. म्हणूनच ते म्हणतात, दुखणं घरचं असेल.

बहीण : घरचं? फिरव बोट कुठेही, फिरव! दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसते मी. म्हणे घरचं!

भाऊ : माझ्यावर कशाला डाफरतेस?

बहीण : मग कोणावर डाफरू? बारा माणसं तिथून पिठात लोळल्यासारखी बाहेर पडतात, भुवया ओळखू येत नाहीत, आणि तुझं यंत्र म्हणतंय हवा साफ! बिघडलंय ते. जाळून टाक.

भाऊ : ए, जीभ सांभाळ. मला काय बोलायचं ते बोल, यंत्राला नावं ठेवू नकोस. माझ्या ताब्यात आहे ते. करवतीच्या डोक्यावर टांगलंय, पण आज येऊन बघ, खोक्यातून काढल्यासारखं आहे. एक कण बसू दिला नाही मी त्याच्यावर.

बहीण : कसा काय?

भाऊ : कसा म्हणजे?

बहीण : करवतीच्या डोक्यावर दोन वर्षं टांगलंय आणि कण बसला नाही. कसा, ते सांग.

भाऊ : प्लॅस्टिकची पिशवी घातलीय. वरून दोन रबरबँड, घट्ट. महागाची वस्तू गं ती. आत धूळ गेली तर…

बहीण : तर काय? थांबलास का? आत धूळ गेली तर काय होईल?

भाऊ : तर… खराब होईल ना ते.

बहीण : धूळ मोजायचं यंत्र होतं ते, दादा.

भाऊ : बसवायला आले होते ते म्हणाले, जपून वापरा. एवढंच म्हणाले. मी जपलं.

बहीण : यंत्र जपलंस! हे घसा कोरडा करून सांगत होते, पाणी मारून कापू द्या, धूळ ओढणारा पंखा बसवा. का नाही बसवला?

भाऊ : आकडे बघून साहेब म्हणाले, गरज नाही.

बहीण : पिशवीच्या आतले आकडे! हवा साफ होती, पण पिशवीतली. ती चिठ्ठी इकडे दे. हे पेन. साहेबांच्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिही, आत्ता बोललास ते सगळं.

भाऊ : नोकरी जाईल माझी. बावीस वर्षं झाली तिथे. आणि सगळे हसतील, एवढा मोठा मुकादम आणि एवढा बैल!

बहीण : हसू देत. हसायला दम लागतो. यांच्यात तेवढाही उरला नाही.

भाऊ : मुद्दाम नाही गं केलं. तुझी शपथ.

बहीण : माझी शपथ नको घेऊस. मुद्दाम केलं असतंस तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. आता तुला काय म्हणू तेच कळत नाही मला. लिही.

नवरा : (आतल्या खोलीतून, थांबत थांबत) दादांवर… ओरडू नकोस. पिशवी माझी होती. डब्याची.

बहीण : काय म्हणालात?

नवरा : नवीन आलं तेव्हा… दादा सारखे पुसत बसायचे. मीच म्हटलं, ही घ्या. वस्तू चांगली होती… वाटलं, कशाला खराब करायची.

बहीण : धन्य आहात दोघे! स्वतःच्या तोंडाला फडकं बांधायचं सुचलं नाही, यंत्राला पिशवी सुचली! उठू नका. उठू नका म्हणते ना! तिथूनच बोला.

नवरा : लिहा, दादा. माझंही नाव घाला.

भाऊ : नाही, दाजी. मुकादम मी आहे. पिशवी तुमची असेल, बांधली मी. दर सकाळी रबरबँड तपासायचो मी. माझंच नाव घालतो.

बहीण : बोलू नकोस नुसतं.

भाऊ : लिहितोय ना. पण साहेब पहिलं हेच विचारतील, सोमवारी करवतीवर कोण?

नवरा : कोणीच नाही.

बहीण : ते आधी लिही.