माझ्या भावाच्या नातीचं बारसं

मी पिशोरची. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी जन्मले, चौथीपर्यंत शिकले, मग शेतात राबले आणि लग्न होऊन इथं शहरात आले. चौथी शिकलेल्या बाईला काय कळतंय असं माझ्या भावाच्या घरात सगळ्यांना वाटतं, ते लई शिकलेले ना, तर त्या शिकलेल्यांचंच सांगते.

भावाच्या पोराला, सचिनला, मुलगी झाली. चार महिने झाले तरी तिला नाव नाय. बारसं दोनदा पुढं ढकललं. भाऊ म्हणं पंचांगात भ आलाय, भार्गवी ठेवा. भावजय म्हणं कुलदेवीचं ठेवा. सचिन वाळूजला कंपनीत, त्यानं तर मोबाइलवर साऱ्या नातलगांची मतं मागवली, जसा काय सरपंच निवडायचाय. त्याच्या खुलताबादच्या मावशीनं पोरीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं, तिनंही मत टाकलं. आणि पोरीची आई, रेखा, ती ह्या पंचांना चहा देऊन देऊन दमली, तिला कुणी विचारलं नाय.

शेवटी भावानं दटावून भार्गवी ठरवलं. सचिनला बहीण नाय, म्हणून नाव ठेवायचा मान त्याच्या आत्याला, म्हणजे मला. बारशाच्या सकाळी घुगऱ्या शिजवताना मी रेखाला म्हणलं, तुला काय ठेवायचं होतं गं? म्हणली, मुक्ता. पण आत्याबाई, आता कशाला, आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

मी पाळण्यात वाकले, पोरीच्या कानात मुक्ता म्हणलं आणि मग मोठ्यानं सांगितलं. भाऊ ओरडला, आक्का, आपलं काय ठरलं होतं? मी म्हणलं, तुमचं ठरलं होतं, तिच्या आईचं नाय. आता कानात गेलेलं नाव काढ बाहेर, चिमटा आणू का? नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना, भावजयीनं त्यात सगळा राग काढला, दोन दिवस पाठ ठणकत होती.

आणि काय सांगू तुम्हाला, जेवणं उरकेपर्यंत सगळ्यांचं एकमत! मावशी फोनवर म्हणं, माझ्या मनात हेच होतं. असली ही माणसं.

आता पोरगी दुसरीत आहे. भाऊ आल्यागेल्याला सांगतो, नाव मीच सुचवलं. सांगू दे. रेखा दारात उभी राहून मुक्ते अशी हाक मारती, माझं तेवढ्यात भागलं. देव पोरीला शंभर वर्षं देवो, आणि अक्कल आईकडची देवो, आमच्याकडं वाटण्याइतकी कधीच नव्हती.