केळझरच्या जत्रेतली चिक्की

हॅलो? … हो, हिंगणघाट पोस्टातूनच. मी बाबा बोलतो… जरा जोरानं बोल प्रमोदिनी, नागपूरहून आवाज लय बारीक येते.

… बरा आहे. जेवतो. हो, दोन्ही वेळा.

… नाई, संक्रांतीले नाई येत. तुझ्या मायले जाऊन वर्ष नाई झालं अजून. यंदा आपल्या घरी सण नाई.

… तुझ्या सासरी असते, माहीत आहे मले. तू करजो. मी नाई येत.

… काय बिघडलं? चिक्की? … दाताले चिकटते? मग पाक कच्चा राह्यला. गुळात पाणी टाकलं का? … वाटीभर? काऊन? रस्सा करायचा होता का तुले?

ऐक. फल्लीचे दाणे भाजून, सालं पाखडून आधीच ठेव. मग कढईत चमचाभर तूप अन् गूळ. फेस आला की थंड पाण्यात एक थेंब टाकून पाय. बोटानं वाकला तर थांब. कट्‌कन मोडला की दाणे टाक, अन् लगेच पोळपाटावर…

… हो, पाक माझा असे. लाटायची ती.

… सासूबाई काय विचारते? मायच्या माहेरची रीत का? … नाई वं. केळझरच्या जत्रेत ताराचंद हलवाई विकायचा. आमचं लगन नवं होतं. ही त्याच्या भट्टीपाशी उभी राह्यली ते हटेच ना. शेवटी तोच म्हणे, बाई, एक तर शिकून घ्या, नाईतर गिऱ्हाइकाले जागा द्या. … घरी आल्यावर सगळ्याइले सांगे, माझ्या माहेरची आहे म्हणून. तूही तसंच सांग.

… कोणी सांगितलं? शेजारच्या कुंताबाईनं? वास गेला असंल तिच्याकडे.

… हो, केली परवा. सण म्हणून नाई. दाणे होते घरात.

… पाक चांगला जमला. दाणे टाकले, कढई उतरवली, अन् पोळपाट पुढं यायची वाट पाहत उभा राह्यलो. … हो. तोवर कढईतच बसली. निघत नाई आता.

… रडू नको. मग काही आयकू येत नाई.

… हो, समजलं. तुझ्याकडंही दुसरा हात नाई. अन् जावईबापू? … त्याइले लाटणं धरता येते का? … हसू नको, बोल, वेळ संपत आला…

हॅलो? … प्रमोदिनी? … हॅलो?

ओमप्रकाशबाबू, लाइन कटली. … नाई, पुन्हा नका लावू. सकाळची नागपूरची गाडी कितीले आहे?