दाराची उंची

— तसं नाही हो, वाळवी दिसत नाही म्हणजे ती नाहीच असं कसं म्हणता. ती आतून खाते. वरून लाकूड शाबूत, आत नुसता भुगा. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या तुम्ही पुण्याहून सगळं सामान आणून टाकाल आणि मग म्हणाल, किल्ली ज्याच्याजवळ होती तो म्हातारा तेव्हा बोलला का नाही. म्हातारा तसा मी नाही, सत्तेचाळीस पुरी व्हायची आहेत — पण बसा ना. बाकावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. इथे पायरीवर बसा. तुमच्या गाडीला अजून तासभर आहे. हल्ली सकाळची गाडी वेळेवर असते, दुपारची नसते. का नसते ते एस.टी.वाल्यांनाही ठाऊक नाही.

ट्रकची एजन्सी, पत्रात लिहिलंत ती. चांगलं आहे. पण महाडला मोटारीची एजन्सी लाभत नाही, हे कोणी सांगितलं का तुम्हाला? नसेलच सांगितलं. तीन होत्या या भागात, तिन्ही माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. पेठेच्या तोंडाशी रेशनचं कोठार बघितलंत ना, पोत्यांच्या थप्प्या लागल्यात तिथे — ते एका शेठचं शोरूम होतं. महाडातली पहिली मोठी काच तिथे लागली, पुरुषभर उंच, एकसंध. मोटार बघायला लोक नंतर यायचे, आधी काचेत स्वतःला बघायचे. आपण पायापासून डोक्यापर्यंत कसे दिसतो हे तोवर कोणाला ठाऊक होतं? नाते गावच्या एका शेतकऱ्याच्या बैलानेही बघितलं. त्याला वाटलं, समोर दुसरा बैल उभा आहे. मग काय व्हायचं ते झालं. शेठने नवी काच मागवली, तोवर लढाई लागली, पेट्रोलला रेशन आलं, मोटारी यायच्या बंद झाल्या. काच आलीच नाही. तिथे फळ्या मारल्या त्या मारल्याच. आता त्या फळ्यांच्या आत ज्वारी आहे. दुसरी एजन्सी पोलादपूरला, घाटाच्या पायथ्याशी. एजन्सी कसली, पत्र्याची शेडच ती, आणि गाडीखाली उतरायला खड्डा. तिथे आता मराठी शाळा भरते. खड्ड्यावर फळ्या टाकल्यात, त्यावर दुसरीचा वर्ग बसतो. पाऊस लागला की फळ्यांखालून ऑइलचा वास येतो म्हणे. मास्तर फार उनाडक्या करणाऱ्याला फळी उचलून खड्ड्यात उभा करतात. एका अर्थी दुरुस्तीच चालू आहे तिथे अजून.

आणि तिसरी ही. महिपतरावांची. मी इथेच कारकून होतो. व्हर्नाक्युलर फायनल पास, अक्षर बरं — मोटारीचे कागद सगळे माझ्या हातचे. नकाशे, पत्रव्यवहार, मुंबईची उत्तरं. एस.टी. आली, खाजगी लाइनी बंद झाल्या, मग गाडी घेणार कोण? महिपतराव दादरला मुलाकडे गेले. जाताना मागच्या दोन खोल्या माझ्या नावे करून दिल्या आणि किल्ली हातात ठेवली, म्हणाले, चांगलं गिऱ्हाईक आलं तर कळव. आता मी मामलेदार कचेरीबाहेर अर्ज लिहितो. दिवस जातो.

गिऱ्हाइकं आली की. का नाही आली? एक तेलघाणीवाला आला होता, त्याला सांगितलं, छप्पर गळतं. एक भाताचा व्यापारी आला, त्याला सांगितलं, सावित्रीचं पाणी दर पावसाळ्यात आत येतं. तसं येतं म्हणा पाणी, पण इतकं नाही, पायरीपर्यंत. एक मास्तर आले होते मुलींच्या शाळेसाठी, त्यांना — काय सांगितलं होतं बरं त्यांना? हां. वाळवी.

अहो, चाकू कशाला काढलात. राहू द्या. राहू द्या म्हणतो ना. — बरं, टोचा. घ्या टोचून. दिसलं? शिसवासारखा साग आहे तो. बोरघरच्या जंगलातला. शंभर वर्षं त्याला काही होत नाही. खोटं बोललो मी. या बसा, सांगतो. आता एवढं कळलंच आहे तर बसा.

तुम्ही आल्या आल्या आधी वर बघितलंत, दाराच्या तुळईकडे, तेव्हाच माझी खात्री पटली. तुमच्या ट्रकला अकरा फूट दार लागणार. हे साडेनऊ आहे. म्हणजे ती तुळई आधी निघणार. तेलघाणीवाल्यानेही वर बघितलं होतं, त्याला गाड्या आत घ्यायच्या होत्या. मुलींच्या शाळेला मात्र — शाळेला काही तुळई काढावी लागणार नव्हती. त्या मास्तरांना मी उगाच घालवलं. सवयच लागली म्हणा.

आता असं करा, जरा इकडे सरका, म्हणजे ऊन आडवं येणार नाही. तुळईच्या खालच्या अंगाला निळा ओरखडा दिसतो का? उजवीकडून मधल्या खिळ्यापर्यंत. हां, तोच. तो रंग पंधरा वर्षांचा आहे. स्वातंत्र्य मिळालं त्या सालच्या दसऱ्याचा.

लढाई संपल्यावर पहिली चासी आली ती पोलादपूरच्या दत्तारामची. चासी म्हणजे तुम्हाला काय सांगायचं — नुसता सांगाडा, चार चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग. आमचा ड्रायव्हर हैबती मुंबईहून ती खोक्यावर बसून चालवत घेऊन आला, अंगावर छप्पर नाही, पेणपर्यंत येईतो लाल मातीने तोंड ओळखू येईना. त्यावर लाकडी टप, म्हणजे बाकं-छप्परासकट वरचं सगळं अंग, बांधायचा तो इथे. सुतार आमचा सोनबा. पाऊस सुरू झालेला, म्हणून टप आतच बांधायला घेतला. दत्तारामला दासगावच्या बंदरापर्यंत लाइन काढायची होती, मुंबईच्या लाँचची माणसं न्यायला, म्हणून त्याला वर सामानाचा कठडा हवा. मला सगळे मास्तरच म्हणायचे, तर सोनबा माझ्या मेजापाशी येऊन म्हणाला, “मास्तर, दाराची उंची केवढी हाय?” एरवी तो माणूस दुसऱ्याच्या मापावर जायचा नाही, स्वतः मोजूनच घ्यायचा, पण बाहेर पाऊस, दार लावलेलं, आणि समोर शिकलेला माणूस बसलेला. मी काय केलं? उठलो का? नाही उठलो. कपाटातून या इमारतीचा नकाशा काढला, बघितला आणि सांगितलं, दहा फूट. सोनबा म्हणाला, “कागुद सांगतोय ना, मग नाय कशाला.” आणि गेला.

कागद बरोबर होता. दार मुळात दहा फुटांचंच. पण बांधल्यावर दुसऱ्याच वर्षी वरची कमान चिरली आणि तिच्याखाली ही तुळई घातली. ती घालताना मी स्वतः समोर उभा होतो. ते नकाशात कोण लिहिणार? लिहायचं काम माझंच.

दसऱ्याला सकाळी गाडीला निळा रंग लावून, झेंडूच्या माळा घालून सगळे तयार. भटजी आलेले, दत्ताराम जरीची टोपी घालून आलेला, आमची मंडळी ओवाळायचं ताट घेऊन उभी. हैबतीने गाडी सुरू केली, पुढे आणली, आणि कठडा तुळईला टेकला. चार बोटं. फक्त चार बोटं वर. सोनबाने माझ्याकडे बघितलं, मी नकाशाकडे. मग मागून कोणीतरी म्हणालं, गाडी आतच ठेवा, आपण आत जाऊन बसून येत जाऊ.

कठडा तोडायचा म्हटलं तर दत्ताराम तयार नाही, नव्या गाडीला दसऱ्याच्या दिवशी करवत लावायची नाही म्हणाला. बरोबर होतं त्याचं. तेव्हा हैबतीने तोड काढली. म्हणाला, चाकांची हवा कमी करतो, आणि माणसं भरा. जेवढी मावतील तेवढी. चाकांवरच्या पोलादी कमान्या दबल्या की गाडी खाली बसंल. मग काय — सारी पेठ गोळा केली. ज्याला हाक मारली तो आला. तेली, कासार, कापडवाला बोहरी, शाळेचे शिपाई, माशांची पाटी घेतलेली कोळीण. भटजी पुढच्या बाकावर बसले, कोळणीला मागे बसवा म्हणाले, ती म्हणाली, “मागं बसले तर पुढचा भाग दबंल कसा, भटजीबुवा? तुमचं वजन कितीसं?” आणि बसली त्यांच्या शेजारी, पाटी त्यांच्या पायाशी. चाळीस-पंचेचाळीस माणसं असतील. तरी बोटभर उरलं. हैबती ओरडला, “मास्तर, तुमी कशाला बाहेर? चढा.” मी चढलो. आणि मग मंडळींनाही चढवलं, ताटासकट. मागच्या बाकावर, माझ्या शेजारी. चारचौघांत शेजारी बसायची ती आमची पहिलीच वेळ. निरांजन पेटलेलंच होतं, तिने त्यावर हात धरला.

गाडी हलली. तुळईला लागली आणि डोक्यावर असा आवाज झाला करकरकर, की सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या, भटजींसकट, पंचेचाळीस माना. आणि आमची मंडळी हसली. साधी नाही, मोठ्याने. पदर तोंडात कोंबून, ताट हलतंय, निरांजन विझलेलं, डोळ्यांतून पाणी — आणि मला म्हणते, “मोजलंत का?”

एवढंच. यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं असेल तुम्हाला. चैत्रात आमचा मुलगा गेला होता. तीन वर्षांचा. तेव्हापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात हसण्याचा — ते जाऊ द्या. गाडी बाहेर आली. बारा हातांचा प्रवास. लोक उतरायला तयार होईनात, पोलादपूरपर्यंत न्या म्हणाले. ती गाडी आता दत्तारामच्या परसात उभी आहे, चाकं नाहीत, आत कोंबड्या बसतात. टप अजून पक्का आहे. सोनबाचं काम.

मग ते आमच्यात कायमचंच झालं. मी काही ठासून बोललो, कचेरीतलं कलम सांगितलं, की ती काही म्हणायची नाही. नुसतं या तुळईकडे बघायची. भाकरी करताना मी म्हटलं, पीठ जास्त झालं, तर — मोजलंत का? पाहुण्यांसमोर, नातेवाइकांसमोर. राग यायचा मला. खरं सांगतो, खूप वेळा राग आला. एकदा मी म्हणालो होतो, तो ओरखडा रंधा मारून घालवतो. शिडीही लावली होती. ती खाली उभी राहून म्हणाली, “शिडी पुरंल का बघा आधी.” नाही पुरली.

गेल्या आषाढात तिला अलिबागला न्या म्हणाले डॉक्टर. ट्रक ठरवला होता, दारात उभा. बाजेवरच निजवून न्यायची म्हणून चौघांनी बाज उचलली, आणि ती आमच्या दारात अडकली. पाय चौकटीच्या एका खांबाला, उशी दुसऱ्याला. बाज आडवी करता येईना, तिला हलवता येईना. मी पुढून धरलेली. चार दिवस ती डोळे उघडत नव्हती. तिने उघडले. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “वर माणसं बसवा.”

चौकट काढली आम्ही. दोन मिनिटांचं काम होतं. ट्रक माणगावच्या अलीकडे थांबवला. पुढे न्यायचं कारण राहिलं नव्हतं.

राही नाव तिचं. कोणासमोर घेतलं नव्हतं कधी.

तुम्ही घड्याळ बघताय. बरोबर आहे, वेळ झाली. नाही, मी तुम्हाला नाही म्हणत नाहीये. कसं म्हणू, जागा माझी नाही, मालकांना फसवत होतो मी, गेले सहा महिने. मालकांसाठी ही चिठ्ठी न्या. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी लिहून ठेवली होती. द्यायची की नाही तेवढं ठरलं नव्हतं. वाचा ना, उघडीच आहे. जागा कोरडी, छप्पर न गळणारं, लाकूड शाबूत. दार साडेनऊ फूट, वाढवावं लागेल. आणि ही किल्ली. कुलूप उलटं फिरतं. काम सोनबालाच द्या, त्याची नजर थोडी मंद झालीय, पण हात तोच आहे. मोजायला मात्र त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः उभे राहा. कागदावर जाऊ नका.

काय म्हणालात? तुळई? मला? नको. तुमचा स्वभाव चांगला आहे, बरं वाटलं, पण नको. चौदा फुटी आहे ती. माझ्या पडवीतून आत वळत नाही. तिरपी केली तरी नाही, चौकट काढली तरी नाही.

मोजलंय मी.

निघा आता. गाडी लागली असेल.