दुभाषी गुरुवारी येतात

भाषा खात्याच्या कचेरीत, रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. त्या आणि खिडकीतला कारकून, दोघंही आमच्या खोऱ्याच्या भाषेतच बोलत होते.

“बाळा, आमच्या भाषेची शाळा बंद करू नका, एवढंच लिहून घे. शाळा चालू ठेवायला बारा मुलं लागतात ना? बारावी माझी नात.”

“बरोबर आहे, आजी. पण जबाब राजभाषेत लिहावा लागतो.”

“मग लिही की. तुला येते ना?”

“येते. पण खोऱ्याच्या भाषेतला जबाब दुभाष्यामार्फतच घ्यायचा, असा नियम आहे. तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून.”

“अरे, मी बोलतेय ते तुला कळतंय ना?”

“सगळं कळतंय. माझी आई अशीच बोलते. पण मला कळलं, असं कागदावर घेता येत नाही.”

“मग बोलाव त्या दुभाष्याला.”

“ते गुरुवारी येतात.”

“आणि जबाबाची मुदत?”

“बुधवारी संपते.”

“धन्य आहे तुमची! आपल्या खोऱ्यातलाच आहे ना तो? घरी जाऊन भेटते.”

“छे हो, राजधानीतले आहेत. खोऱ्यातला माणूस नेमला तर तो तुमची बाजू घेईल ना.”

“मग आपली भाषा त्याला येते कशी?”

“शिकतायत. दर गुरुवारी ऑफिस सुटलं की माझ्याकडेच शिकवणीला बसतात.”

“मग शिकव की जरा पटापट!”

“शिकवतोय हो. हुशार आहेत. पण शाळेचा धडा अजून यायचाय.”