रांगेतला नंबर

"...आणि रांगेतला नंबर विकतात म्हणे," एवढंच माझ्या कानावर पडलं. मी आडावर पोचले तशा बाया गप्प झाल्या. पण विषय आमच्या शेजारच्या दामूअण्णांचा होता, हे मला कळलंच.

लढाईचे दिवस. भिंगारात रॉकेलसाठी सकाळपासून रांग लागायची. अण्णांची बायको गेलेली, ते एकटेच, दिवेलागणीला झोपणारे. त्यांना रोज रॉकेल कशाला हवं? मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन त्यांच्या मागेच उभी राहिले.

उन्हात पाय पार भरून आले. दुकानाची पायरी आली तसे अण्णा बाजूला झाले आणि मागच्या एका लेकुरवाळ्या बाईला म्हणाले, "ये, तू हो पुढं."

"आन तुमी वो, बाबा?"

"मी परत शेवटी उभा राहतो."

बाई पुढं झाली. बाटली भरून घेतली आणि जाता जाता म्हणाली, "पर आज बसाया जमायचं न्हाई. पोरगं लई किरकिरतंय."

"बरं, उद्या ये."

मी विचारलं, "अण्णा, हा काय प्रकार?"

"वहिनी, माझा नंबर घ्यायचा आणि घरी येऊन माझ्यासोबत घोटभर चहा प्यायचा, असं बोलणं असतं. साखर नसली तर गुळाचा."

"मग येतं का कुणी?"

"नंबर सगळे घेतात," म्हणाले, आणि शेवटी जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी आडावर मी बायांना सांगितलं, "नंबर विकतात हे खरं गं. पण किंमत अजून कुणी दिलेली नाही."