कासवबेटाचा प्रश्न

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे सरकून घ्या, जागा आहे. आज मी एक प्रश्न घेऊन उभा आहे. आपल्या हातून कुणाचं वाईट झालं तर माफी मागावी, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. पण माफी मागायची म्हणजे नक्की करायचं काय? हात जोडायचे? ‘चुकलं हो’ म्हणायचं? आणि तेवढ्याने ज्याचं नुकसान झालं, त्याच्या पदरात काय पडलं? सांगता येत नाही ना? मग ऐका.

हिंदी महासागरात एक छोटासा देश आहे. केवढा? सकाळी बसमध्ये बसलात तर दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोचाल, आणि पुढे समुद्रच. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्याच राजापूरकडची माणसं जहाजाने तिकडे ऊस तोडायला गेली. त्यांतल्या एकाचं नाव धाकू. गोऱ्या कारकुनाने विचारलं, नाव? धाकू. आडनाव? ह्याला काय कळणार! परत म्हणाला, धाकू. झालं — साऱ्या वंशाचं आडनाव धाकू.

त्या धाकूचा पणतू विश्राम. प्राथमिक शाळेत मास्तर. सरळ माणूस, थोडा भिडस्त. एकतिसाव्या वर्षी लोकांनी त्याला निवडून दिलं आणि मास्तर पार्लमेंटात जाऊन बसला. नवा कोट, नवी वही. शेवटच्या बाकावर.

तिसऱ्याच महिन्यात एक ठराव आला. मुख्य बेटापासून दोन तासांवर एक चिमुकलं बेट होतं. तिथे कासवं अंडी घालायला यायची, म्हणून आपण त्याला कासवबेट म्हणू. एकोणीस घरं, चौऱ्याऐंशी माणसं. मासे सुकवायची, नारळ काढायची. सरकारला तिथे जहाजांसाठी तेलाच्या टाक्या उभारायच्या होत्या. लोकांना हलवायचं, तेही दोनच वर्षांसाठी, असं कागदात लिहिलेलं. विश्रामने कागद उघडला होता, पण वाचून व्हायच्या आत पक्षातले एक वडीलधारे कानाशी येऊन म्हणाले, “मास्तर, आपला हात वर.”

मास्तरांनी हात वर केला. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. एका मताच्या, मंडळी. म्हणजे कुणाच्या?

महिन्याभरात ती चौऱ्याऐंशी माणसं बंदरामागच्या पत्र्याच्या चाळीत येऊन पडली. आणि एका रविवारी सकाळी विश्रामच्या दारात एक बाई उभी राहिली. क्लेमांस तिचं नाव. पंचविशीतली, दिवस गेलेले, पायांत वहाणा नाहीत.

“मुस्ये धाकू,” ती म्हणाली, मुस्ये म्हणजे तिकडचं ‘साहेब’, “तुम्ही आमचं बेट कधी बघितलंत?”

“नाही,” विश्राम म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली आणि गेली.

ती ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. त्या ‘बरं’ने विश्रामची झोप उडाली. दोन वर्षं सरली. टाक्यांना कुंपण पडलं, परतीचं नाव कुणी काढेना. त्याची बायको राधावंती रोज त्याचं पान तसंच उचलायची. शेवटी ती म्हणाली, “अहो, असं किती दिवस बसणार? जा, त्या बाईची माफी मागून या.”

विश्राम गेला. पत्र्याच्या दारात उभं राहून त्याने हात जोडले. क्लेमांसच्या कडेवर लेक होती.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “मला माफ करा.”

क्लेमांस म्हणाली, “मुस्ये, तुमची माफी मी ठेवू कुठे? मला एकच खोली आहे. माझी आई तिकडे मातीत आहे, तिच्या थडग्यावर कुणी फूल ठेवत नाही. मला परतीची तारीख आणून द्या.”

बघा. आपल्याला वाटतं, माफी मागितली की आपण मोकळे. ही बाई मोकळी करेना. ती म्हणाली, तारीख आणा.

विश्राम घरी आला, जेवला, वही काढली. पुढच्या अधिवेशनात, प्रश्नोत्तराच्या तासाला, शेवटच्या बाकावरून उभा राहिला. “सभापती महाशय, कासवबेटाची माणसं परत कधी जाणार?”

मंत्री म्हणाले, “प्रश्न विचाराधीन आहे.”

विश्राम बसला. पुढच्या अधिवेशनात उभा राहिला. तोच प्रश्न. तेच उत्तर. त्याच्या पुढच्याही अधिवेशनात तेच. सरकारं बदलली, सभापती बदलले. ज्यांनी त्याच्या कानाशी येऊन सांगितलं होतं, ते वडीलधारे देवाघरी गेले. विश्रामच्या निवडणुका होत राहिल्या, लोक त्याला निवडून देत राहिले, कारण शाळा, रस्ते, दवाखाना, सगळ्यासाठी माणूस झिजायचा. पण प्रश्नाचा तास आला की कासवबेट. सभासद हसायचे. तो उभा राहिला की मागून कुणीतरी आधीच म्हणायचं, “विचाराधीन आहे.” विश्रामही हसायचा. पण प्रश्न पुरा विचारूनच बसायचा.

आणि प्रत्येक वेळी मिळालेलं उत्तर सांगायला तो पत्र्याच्या चाळीत जायचा. क्लेमांस ऐकून घ्यायची. दहाव्या-बाराव्या वर्षी तिने त्याला पहिल्यांदा बसायला स्टूल दिलं. मंडळी, दहा वर्षांनी एक स्टूल!

अठराव्या वर्षी पंतप्रधानांनी त्याला बोलावलं. “मास्तर, शिक्षणखातं घ्या. तुमच्याएवढा योग्य माणूस नाही. फक्त, मंत्री झाल्यावर सरकारला प्रश्न विचारता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.”

शिक्षणखातं! मास्तराला आणखी काय हवं असतं? घरी येऊन त्याने राधावंतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“तुम्हाला हवं आहे का?” तिने विचारलं.

“फार हवं आहे,” तो म्हणाला. खोटं बोलला नाही.

“मग?”

“मग त्या बाईला उत्तर कोण सांगणार?”

राधावंतीने सूप खाली ठेवलं. त्याच्या केसांवरून हात फिरवला. पन्नाशीच्या माणसाच्या केसांवरून, लेकरासारखा. दुसऱ्या दिवशी त्याने नकार कळवला.

तेहतिसावं वर्ष उजाडलं. टाक्या गंजून गेल्या होत्या, मोठी जहाजं दुसरीकडे वळली होती. नव्या मंत्रीणबाई आल्या, तरुण. विश्राम उभा राहिला. आता उठताना बाकाला हात टेकावा लागायचा. “सभापती महोदया, कासवबेटाची माणसं परत कधी जाणार?”

मंत्रीणबाई उठल्या. “पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला, सकाळी आठ वाजता बोट सुटेल.”

विश्राम उभाच. सभापती म्हणाल्या, “सन्माननीय सभासदांना पुरवणी प्रश्न?” त्याने नुसती मान हलवली आणि खाली बसला. मग एकेक करून सगळे सभासद उभे राहिले. जे हसायचे, तेही.

संध्याकाळी तो चाळीत गेला. क्लेमांस अठ्ठावन्न वर्षांची झाली होती, लेकीला लेकरं झाली होती. “बारा तारीख,” तो म्हणाला. ती स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावावा तसा हात लावून रडली. तेहतीस वर्षांत त्याने तिला रडताना पाहिलं नव्हतं.

चौऱ्याऐंशीतले एकतीसच परत गेले. बाकीचे कुठे? काही मातीत, काही परदेशात, काहींची हाडं आता बोटीला भीत होती. विश्राम बरोबर गेला. थडग्यांवर रान माजलं होतं. त्याने कोट काढला, कोयता घेतला आणि क्लेमांसच्या शेजारी ओणवा होऊन दुपारपर्यंत झुडपं तोडली. मग तिने केळीच्या पानावर मासळी-भात वाढला, आधी त्याला, मग स्वतःला.

परत आल्यावर राधावंतीने विचारलं, “केलं का हो तिने माफ?”

विश्राम म्हणाला, “विचारायचं राहिलं. विहिरीचं पाणी खारं झालंय तिथलं.”

आणि पुढच्या अधिवेशनात, प्रश्नोत्तराच्या तासाला, चौसष्ट वर्षांचे विश्राम धाकू बाकाला हात टेकून उठले. “सभापती महोदया, कासवबेटाला गोडं पाणी कधी मिळणार?”

मंडळी, हसू नका. नाही, हसा, पण घरी जाताना एवढं करा. ज्याचं आपल्यामुळे काही अडलं आहे, असं एक तरी माणूस प्रत्येकाला आहे. मलाही आहे, माझा धाकटा भाऊ. त्या माणसाच्या दारात नुसते हात जोडून उभे राहू नका. त्याला विचारा, ‘माझ्यामुळे तुझं काय अडलंय?’ तो सांगेल ते आणायला निघा. मिळेल न मिळेल, निघा. आणि परत येऊन त्याला सांगा. हरीच्या दारी आपली हजेरी अशीच लागते. बोला, हरी हरी.